चांदपाशाचा उघडा सौदा

भूमच्या जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघं जण खांद्यावरची दस्ती हातांवर टाकतात, खाली बोटं दाबून आकडा ठरवतात, आणि शेजारचा नुसता तोंडाकडं बघत राहतो. चांदपाशानं मात्र उभ्या जन्मात दस्ती घाम पुसण्यापलीकडं वापरली नाही. म्हैस कितीला घेतली ते तो चारचौघांत सांगायचा, वर आपला नफा सांगायचा. पटलं तर घ्या. बाकीचे व्यापारी हसायचे, अशानं याच्या घरावर पत्रा चढायचा नाही म्हणायचे. पत्रा सोडा, स्लॅबचं घर झालं, कारण गिऱ्हाईक त्याच्याकडं डोळे झाकून यायचं.

बेंबळीचा रामकिसन त्यातलाच. जवळचे बाजार सोडून भूमला यायचा. दात बघणं नाही, धार काढून बघणं नाही. चाचांनी खरेदी सांगितली की दावं हातात.

गेल्या साली चांदपाशाचा मुलगा कामाला पुण्याला निघाला आणि त्यानं आपली म्हैस बापालाच विकली. दुसऱ्या कुणाची असती तर चांदपाशानं भाव पाडला असता. पण पोटच्या पोराशी घासाघीस करायला जीभ रेटेना. मागितले तेवढे दिले. पुढच्या बाजारी रामकिसनला त्यानं तोच आकडा सांगून ती म्हैस विकली. आकडा खराच होता. कुणाकडून घेतली, तेवढं मात्र गिळलं.

मग त्याला अन्न गोड लागेना. ओळखीच्या वकिलाला विचारलं, तर तो हसला. रक्कम खोटी सांगितली नाही, जनावरात खोट नाही, बघून घ्यायला कुणी अडवलं नव्हतं. कायदा तुम्हाला काही विचारणार नाही, म्हणाला. शुक्रवारी नमाजानंतर त्यानं मौलानांनाही विचारलं. ते म्हणाले, घासाघीस करून विकली असती तर गोष्ट वेगळी. पण घेणारा तुमच्या खरेदीवर भरवसा टाकतो, तिथं त्या खरेदीमागचं सगळं सांगावं लागतं. मुलाची म्हैस हे लपवलं, म्हणून ती परत करायचा त्याला हक्क आहे. जाऊन सांगा.

चांदपाशा गेला नाही. वकिलाचं बोलणं सोयीचं होतं, तेच त्यानं उशाशी घेतलं. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता उन्हाळा सरला, आणि तोवर गोष्ट रामकिसनच्या कानावर गेलीच. बाजाराला तोंडं काय कमी असतात?

शेवटी चांदपाशा बेंबळीला गेला. रामकिसनच्या बायकोनं त्याच म्हशीच्या दुधाचा चहा दिला. चांदपाशानं सगळं सांगितलं, म्हैस परत घेतो म्हणाला. रामकिसननं गोठ्याकडं हात केला.

“म्हैस चांगली हाय, चाचा. ती न्हाय द्यायची. पोराची हाय म्हणला असता, तरीबी घेतली असती म्या.”

चांदपाशाला चहा संपवता आला नाही. एका वाक्याचं काम होतं, आणि तेवढं त्याच्यानं झालं नव्हतं.

रामकिसन माणूस तोडणारा नव्हे. दिवाळीनंतर तो पुन्हा भूमला चांदपाशाकडंच आला. चांदपाशानं खरेदी सांगितली, कुणाकडून घेतली तेही सांगितलं. रामकिसननं ऐकून घेतलं. मग म्हशीचा जबडा उघडून दात पाहिले, कास चाचपली, आणि खांद्यावरची दस्ती काढून दोघांच्या मधे धरली.

“हात द्या, चाचा.”

चांदपाशानं दस्तीखाली हात घातला. कुठलं बोट दाबावं, हेच त्याला कळेना.