न आलेल्यांची वही

मल्लेश्वरममधला आमचा साक्षरता वर्ग अनुदान मिळालं नाही तर मार्चनंतर बंद करायचा, असं ठरलं होतं. अर्ज माझ्या अंगावर आला. नोंदणीचा दाखला, पॅन कार्ड, लेखापरीक्षणाचे अहवाल, सगळं पाच दिवसांत जमवलं. खोलीच्या मालकांनी संमतीपत्रावर सही करण्याआधी दोनदा कॉफी पाजली, तेवढाच उशीर. अडलं ते हजेरीपटावर.

हजेरीपट आमच्याकडे नव्हताच. वर्गाला येणाऱ्या बायका दिवसभर लोकांच्या घरी राबून यायच्या; नावं पुकारण्यात त्यांचा वेळ कशाला घालवायचा? म्हणून मीच नियम केला होता. जी येणार नाही, तिने दुसऱ्या दिवशी वहीत स्वतःच्या हाताने कारण लिहायचं. तेवढाच सराव. त्यामुळे कोण आलं नाही हे आम्हाला नेमकं माहीत होतं. कोण आलं याचा पुरावा शून्य.

मागच्या तारखांचा हजेरीपट बनवून टाकू, असं माझ्यासोबत शिकवणाऱ्या एक-दोघींनी सुचवलं. मी नाही म्हटलं आणि इंदिरानगरच्या देणगीदार संस्थेतल्या मॅडमना फोन करून खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, आहे ती वही पाठवा, बघू.

स्कॅन करताना वही पहिल्यांदाच सलग वाचली. सुरुवातीला 'ताप' एवढंच, वाकड्यातिकड्या कन्नड अक्षरांत. वर्षभराने त्याच बाईच्या चार सरळ ओळी.

पण कारणं त्यांची होती, म्हणून संध्याकाळी वर्गात परवानगी मागितली. बहुतेकींनी 'सरी अक्का', चालेल ताई, म्हणून विषय संपवला. एकीने मात्र एकदा लिहिलं होतं, 'नवऱ्याने पुस्तक फाडलं.' तिला बाजूला घेऊन विचारलं, "हे पान काढून ठेवू?"

"कशाला, अक्का? दुसऱ्या दिवशी परत आले, म्हणून तर लिहिलंय ना ते?"

इतकी वर्षं मी ती वही उलटीच वाचत होते. तिथली प्रत्येक ओळ म्हणजे कुणीतरी परत आल्याची नोंद होती. घरी जाऊन सोबतच्या पत्रात तिचं वाक्य घातलं, तिला आधीच विचारून, आणि वही पाठवली.

आठवड्याने मॅडमचा फोन आला. निर्णयाआधी वर्ग बघायला येणार होत्या. बुधवारी किती जणी असतील, असं त्यांनी विचारलं. वही पाठवल्यापासून ठेवायला लागलेला नवा हजेरीपट उघडून मी आकडा सांगितला.