डिस्कवरची माणसं

१९९८ साल होतं, मला अडुसष्टावं चालू होतं, आणि गेलेल्या माणसाचा एवढा मान राखणारा इसम मी त्याआधी पाहिला नव्हता, त्यानंतरही नाही. हा इसम म्हणजे माझा पुतणजावई. देवळाली प्रवऱ्याच्या बाजारपेठेत त्यांचं कॉम्प्युटरवर पत्रिका करून देण्याचं दुकान. लग्नाच्या, दहाव्याच्या, वर्षश्राद्धाच्या. मी दुसरीतून शाळा सोडलेला, पण माणूस ओळखतो. जावईबापू चप्पल बाहेर काढून दुकानात शिरायचे, कुठल्याशा सत्कारात मिळालेली शाल रात्री यंत्रावर पांघरायचे, आणि गिऱ्हाईक मोठ्यानं बोललं तर म्हणायचे, "हळू. आत माणसं हायेत." मयताच्या फोटोत मिशी वाकडी दिसली तर सायकल काढून त्याच्या घरी जायचे आणि विचारायचे, "जित्यापणी अशीच हुती का?"

त्या उन्हाळ्यात, ऐन लग्नसराईत, हार्ड डिस्क भरली. हार्ड डिस्क म्हणजे त्या यंत्राचं कोठार. ते भरलं तशी नवी पत्रिका आत जाईना आणि गिऱ्हाईकं राहुरीची वाट धरू लागली. जावईबापूंनी जुनी लग्नं बिनदिक्कत पुसली. "लागलं न्हवं लग्न? मग झालं." निवडणुकीची पत्रकं पुसली. पण खरी जागा खाल्ली होती गेलेल्यांच्या फोटोंनी, आणि ते घरच्यांना विचारल्याशिवाय पुसायचे नाहीत हा त्यांचा हट्ट. दारोदार हिंडले. "आबांना काढू का?" असं विचारल्यावर कोण व्हय म्हणणार? एका म्हातारीनं तर पुढ्यात ठेवलेला चहा उचलून आत नेला.

शेवटी मी दुकानात जाऊन त्यांना झापलं. "जावईबापू, मेलेल्याला काय इचारायचं? पुसा आन मोकळे व्हा. दुकान बुडल्यावर माझ्या पुतणीला काय फोटो खाऊ घालणार?"

ते शांतपणे म्हणाले, "बरं मामा. मग मामींपासून सुरू करू?"

माझी कारभारीण जाऊन दोन वर्षं झाली होती. तिचा एकटीचा फोटो कधी निघालाच नाही. भाच्याच्या लग्नातल्या घोळक्यातून जावईबापूंनी तिला त्या यंत्रावर वेगळी काढली होती. शेजारणीचा खांदा पुसून तिथं पदर पुरा करायला त्यांना अख्खा दिवस लागला. तिच्या दहाव्याच्या पत्रिकेवर छापताना शाईनं तोंड काळवंडलं, आणि मूळ फोटो पुढं वाळवीनं खाल्ला. म्हणजे ती होती ती तिथंच, त्या डब्यात. पण बोललेला शब्द मी मागं घेत नाही. म्हणालो, "करा."

त्यांनी तिला पडद्यावर आणलं. कुणी हाक मारल्यासारखी बाजूला बघत होती.

"पुसल्यावर कुठं जातंय हे?"

"कुठंच न्हाई, मामा."

मी रस्त्यावरच्या उसाच्या गाड्या बघत बसलो. मग त्यांनी खणातून एक काळी, चौकोनी फ्लॉपी, म्हणजे खिशात मावेल एवढं छोटं कोठार, काढून यंत्रात सारली. ज्याच्या घरी यंत्र नाही त्याला फ्लॉपी देऊन काय उपयोग, म्हणून आजवर त्यांनी कुणाला दिली नव्हती. यंत्र किरकिरत राहिलं. 'नको' एवढा शब्द त्यांनी माझ्याकडून वदवून घेतला नाही, हे मी विसरलेलो नाही.

फ्लॉपी माझ्या हातात देत म्हणाले, "मामी आता हितं हायेत. बघाव्या वाटल्या तर दुकानात घिऊन या. फकस्त पाणी लावू नका, कुंकू लावू नका."

पुढं ज्याचं माणूस त्याच्या घरी अशा फ्लॉप्या त्यांनी सायकलवरून पोचवल्या. कुणी नाही म्हटलं नाही. कोठार मोकळं झालं, दुकान सावरलं. ते यंत्र आता नाही, जावईबापूही थकलेत. भेटले की अजून विचारतात, "मामी बऱ्या हायेत ना?"

आमच्या देवघरात वाडवडिलांच्या नावाचे चांदीचे टाक आहेत. फ्लॉपी घरी आणली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवांना अंघोळ घातली, टाकांना घातली, पुसून जागच्या जागी ठेवले. मग टाकांच्या रांगेत शेवटी ती फ्लॉपी उभी केली. तिला तेवढी कोरडीच ठेवली.