माझं उत्तर कुणी मागितलंच न्हाई

मैत्रिणींनो, आज बीडच्या टॉकीजमधून तणतणत घरी आलेय. लिहिल्याशिवाय राहवेना.

सिनेमा निजामाच्या काळातला. बीडचा पोरगा आणि गेवराईची पोरगी हैदराबादला एका कॉलेजात शिकतात. त्याचा तिच्यावर लई जीव, पण तोंडातून शब्द न्हाई. शेवटी तिच्याच लग्नात हा नवरा-नवरीमधला अंतरपाट धरून उभा! मंगलाष्टका संपल्या तरी त्याच्या हातून टोक सुटेना. सगळं थिएटर रडलं.

माझ्या शेजारी माझा कॉलेजच्या दिवसांतला मित्र दिनकर, तोही हुंदके देत होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "सुमे, तुझ्या लग्नात अंतरपाट मीच धरलता. माझंबी असंच हाय."

तीस वर्षांनी सांगतोय!

मी म्हणलं, "मग मला विचारलं कावून न्हाई? माझं उत्तर तूच ठरवून टाकलंस, आन् वर रडतोस?"

त्यानं मान खाली घातली. "विचारलं असतं तर हो म्हणली असतीस?"

"आता न्हाई सांगणार," म्हणलं आणि रिक्षात बसले.

असल्या मुक्या प्रेमाचं कौतुक तुम्ही करा, मी न्हाई करणार. आणि माझं उत्तर काय असतं, हे तुम्हीही विचारणार, ठाऊक हाय मला. तुम्हालाही न्हाई सांगणार.