जीवाणूचं कवच आणि आमची डोकेफोड

आम्ही जुने लॅबवाले भेटलो की विज्ञानाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. बोलतो ते घोटाळ्यांबद्दल! अहवाल निघाला एकच, वैतागाचे किस्से मात्र अजून संपत नाहीत.

ऐंशीच्या दशकाचा शेवट. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका एन्झाइम कंपनीची छोटी लॅब. मी, सहकारी शैला आणि आमचे प्रमुख गोखलेसर. काही जीवाणूंच्या अंगावर प्रोटीनचं कवच असतं, माशाच्या खवल्यांसारखं. इंग्रजीत ‘सरफेस लेअर’. ते बनवणारा जीन शोधायचा, एवढंच आमचं काम. एवढंच!

*

पहिल्याच महिन्यात मी जीवाणूंच्या खाद्यासाठी, म्हणजे आमच्या भाषेत ‘मीडिया’साठी, स्टोअरला चिठ्ठी पाठवली: ‘लेअर प्रोजेक्टसाठी खाद्य, तातडीचे.’

तिसऱ्या दिवशी दारात कोंबडीखाद्याची दोन पोती! स्टोअरचे पाटीलभाऊ अभिमानानं म्हणाले, “लेअरचंच, अंडी घालणाऱ्या कोंबड्यांचंच आणलंय, मॅडम. ब्रॉयलरचं नाही!”

*

डीएनए कापायचं एन्झाइम परदेशातून यायचं. चार महिने वाट पाहिल्यावर ते कोरड्या बर्फात गेटवर पोचलं, तेव्हा आम्ही जेवत होतो. येऊन बघतो तर खोकं उघडं आणि आत तळं!

वॉचमन मिश्राजींनी सरांना सलाम ठोकला. “साहब, डिब्बे से धुआँ निकल रहा था. हमने दो बाल्टी पानी मारा. फॅक्टरी बच गयी!”

सर त्यांना थँक्यू म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

*

मग नवं एन्झाइम आल्यावर जीन दुसऱ्या जीवाणूत घालून वाढवायला घेतला. अख्खा जीन आत गेला की तो जीवाणू कवचाचं प्रोटीन बनवत सुटायचा आणि मरायचा. हाती लागायचे फक्त तुकडे. हेड ऑफिसचे साहेब प्रगती विचारायला आले.

शैला म्हणाली, “जीन सापडलाय, सर. पण अर्धा.”

“कुठला अर्धा? वरचा की खालचा?”

“जो जगला तो, सर!”

*

साहेब चिडले. दोन महिन्यांत निदान कवचाचा फोटो दाखवा, नाहीतर लॅब बंद! शैला नमुना घेऊन मुंबईला गेली आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा फोटो घेऊन आली. फोटोत आमचा जीवाणू गुळगुळीत. कवचच नाही!

सरांनी डोक्याला हात लावला. “दोन वर्षं आपण याचे लाड केले. आयतं खाणं, उबदार इन्क्युबेटर. यानं कवच बनवणंच सोडून दिलंय!”

शैला रडायलाच लागली. सरांनी अख्खा फ्रीज उपसला. तळाशी एडवणच्या खाडीतून आणलेल्या जीवाणूची अगदी पहिली ट्यूब सापडली. त्यातला थोडा वाढवला, पुन्हा फोटो काढला. खवले जागच्या जागी! लॅब वाचली.

मी खुशीत उरलेल्या ट्यूबसाठी मीडियाची नवी बाटली उघडली. काचसामान धुणाऱ्या जयवंतीबाई, त्याही एडवणच्याच, मागे उभ्या होत्या.

“बाय, यालाबी तेच खायला घालनार?”

“मग काय घालू?”

“सर म्हनाले ना, लाडानं अंगावरचं गेलं. आमच्या खाडीत त्याला कोन भरवीत हाय? आता यालाबी बिघडवाचा हाय काय?”

सरांनी माझ्या हातातली बाटली काढून घेतली, ट्यूबवर मार्करनं तारीख घातली आणि खाली एकच ओळ लिहिली: ‘लाड करू नयेत.’