तबल्यापुढची कोरी जागा

विजयमालाबाई हिरेमठांनी आपला तबलजी पडद्याआड लपवला होता, अशी साखर पेठेत पस्तीस वर्षं कुजबुज होती. लोकांचं तरी काय चुकलं? बाईंनी शाळेतली नोकरी सांभाळून, स्वतः चाली बांधून, सिद्धाप्पाच्या रेडिओ-कॅसेटच्या दुकानामागच्या खोलीत गाण्यांची कॅसेट भरली. अवघ्या तीस प्रती. कव्हरवर गायन, पेटी, झांज, सगळ्यांची नावं. 'तबला' या शब्दापुढं मात्र कोरं. मग काय विचारता! मुख्याध्यापकांपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना लोकांनी त्या तबल्यावर बसवून पाहिलं. गळ्यापेक्षा ठेक्याचंच कौतुक जास्त झालं. खरं सांगितलं तर तेवढंही ओसरेल, म्हणून बाई गप्प राहिल्या.

त्यांची स्वतःची प्रत बार्शीच्या नणंदेनं नेली आणि तिच्यावर नातवाच्या बारशाचा गोंगाट भरून, वर हसत परत केली. आता सत्तरी ओलांडलेल्या बाईंना एकच ध्यास होता, तिसरं गाणं एकदा ऐकायचं.

गेल्या महिन्यात दुकान आवरताना सिद्धाप्पाला ट्रंकेच्या तळाशी एक प्रत सापडली. फीत बुरशीनं पांढरी झालेली, एका जागी तुटलेली. त्यानं ती पुसली, चिकटपट्टीनं जोडली, पेन्सिलीनं गुंडाळली आणि बाईंना बोलावून घेतलं. शेजारी मोबाइल रेकॉर्डिंगला लावला.

"एकदा वाजंल बाई. दुसऱ्यांदाचं सांगत न्हाई."

"एकदा पुरे की."

तिसऱ्या गाण्यात ठेका मध्येच थांबला. याच जागेवर त्या काळी जाणकारांनी माना डोलावल्या होत्या. बाईंचा सूर एकटाच लांबत राहिला, लांबतच राहिला; आणि ठेका परत आला.

"हितंच मी बंद करनार हुतो," सिद्धाप्पा म्हणाला, "पर तुमी सूर सोडला न्हाई."

"कसा सोडणार? पलीकडं ते माझ्यासाठी किती घाई करत असतील, मला कळत होतं."

मग बाईंनी पेन मागितलं, कोऱ्या जागेत फळ्यावरच्या वळणदार अक्षरात 'राजमल्लू' लिहिलं आणि कव्हर घेऊन मागच्या गल्लीत गेल्या. राजमल्लू आता ठार बहिरे. त्यांनी नावावरून दोनदा बोट फिरवलं, "लई उशीर केला बाई," म्हणाले आणि सुनेला चहा टाकायला लावला. गल्लीतल्या बायका दारात आल्याच.

तबला वाजवायला त्या दिवशी कोणी आलंच नव्हतं. भिंतीपलीकडं राजमल्लूंचा यंत्रमाग चालू होता आणि बाई त्याच्या तालावर गायल्या. तिसऱ्या गाण्यात धागा तुटला. राजमल्लूंनी तो जोडला.