सोडवून आणलेला

चष्मेवाल्याला पळवून नेलं ते चुकून. गाडी थोरल्या भावाची, सिमेंटवाल्या दादाची. हा आपला मागच्या सीटवर डुलक्या काढत होता. पळवणाऱ्यांना वाटलं, मोठा मासा गळाला लागला. खरं कळल्यावर त्यांची तोंडं पाहण्यासारखी झाली म्हणे. तरी दादाने मुकाट खंडणी भरली आणि भावाला घरी आणलं. दादाला नावं ठेवायची सोय नाही, आणि तीच तर पंचाईत.

त्या दिवसापासून चष्मेवाल्याचं नाव गेलं, तो ‘सोडवून आणलेला’ झाला. सुरुवातीला या शब्दात माया होती. शेजारणी डोळे पुसत तो उच्चारायच्या. मग दादा पाहुण्यांशी ओळख करून देताना तो वापरू लागला, नवा फ्रिज दाखवावा तसा. आणि बघता बघता शब्दाचा अर्थ झाला, याला विचारायची गरज नाही. सिलिंडर उचलायचाय? सोडवून आणलेला आहे की. पंख्याखाली बसायचंय? तो उठेल. वहिनीच्या आईला दवाखान्यात न्यायला तोच. एकदा त्याच्या तोंडून ‘नको’ निघालं, तर खुद्द बायकोने डोळे वटारले. बिचारा मान डोलवत राहिला. उपकार होते ना, नाही कसं म्हणणार?

शेवटी दादाची नजर धाकट्याच्या चष्म्याच्या दुकानावर गेली. दादाच्या मुलाला तिथे मोबाइलचं शोरूम काढायचं होतं.

“उद्यापासून सामान हलव,” जेवताना दादा म्हणाला. “तू काउंटरवर बस. घरचंच आहे.”

चष्मेवाल्याने हातातला घास ताटात ठेवला. भिंगं घासता घासता त्याची उमेदीची वर्षं त्या दुकानात गेली होती, आणि तेवढ्या एकाच जागी लोक अजून त्याला चष्मेवाले म्हणत. ते गेलं तर तो कोण उरणार, या विचारानेच त्याला भीती वाटली.

“नाही जमणार, दादा.”

वहिनीचा डाव हवेतच थांबला. “अहो भावजी, तुम्हाला सोडवून आणलंय, विसरलात?”

“विसरू कुठे देता, वहिनी?” तो भावाकडे वळला. “दादा, त्या लोकांनी पहिल्याच दिवशी आकडा सांगितला होता. तेवढे मिळाले आणि त्यांनी सोडलं. तूही तुझा सांग. हप्त्याहप्त्याने फेडीन, पण मला सुटायचंय.”

बायको त्याच्याकडे बघतच राहिली. दादाचे डोळे भरून येतील, तो उठून धाकट्याला जवळ घेईल, असं क्षणभर सगळ्यांनाच वाटलं.

दादाने पाण्याचा घोट घेतला, जरा विचार केला आणि म्हणाला, “व्याज धरून सांगतो.”