दुसऱ्या मजल्यावरचं लॉक

ती केस डोक्यातून जात नाही. तिच्यात खून नव्हता, दरोडा नव्हता, वर्तमानपत्रात चार ओळींच्या वर काही छापून आलं नाही. तरी त्या एका सकाळी माझ्या छातीत जी धडधड झाली, ती उभ्या नोकरीत पुन्हा झाली नाही. नावं मी कुणाचीच घेणार नाही. त्यातली काही माणसं अजून त्याच भागात राहतात आणि रस्त्यात भेटली की हात करतात.

तेव्हा मी कांजूरमार्गच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. आमच्या हद्दीत भांडी आणि घरगुती विजेची उपकरणं विकणारं एक मोठं दुकान होतं. तळमजल्यावर दुकान, वरचे तीन मजले गोदाम. माल वरखाली करायला एक लिफ्ट आणि प्रत्येक मजल्यावर तिला लोखंडी जाळीचा दरवाजा. दसरा होऊन आठ-दहा दिवस झाले होते, दिवाळी तोंडावर आली होती, आणि गोदामात श्वास घ्यायला कुणाला फुरसत नव्हती.

अशा गडबडीत सकाळी अकराच्या सुमारास दुसऱ्या मजल्यावरचा एक हमाल मिक्सरच्या खोक्यांनी भरलेली ट्रॉली ओढत लिफ्टकडे निघाला. जड ट्रॉली माणूस मागे मागे चालत ओढतो. त्याने पाठीनेच जाळीचा दरवाजा ढकलला, दरवाजा उघडला आणि तो आत गेला. आत लिफ्ट नव्हती. ती तिसऱ्या मजल्यावर होती. हमाल दोन मजले खाली, थेट खड्ड्यात पडला. ट्रॉली दारात अडकली म्हणून जीव वाचला, नाहीतर खोकी त्याच्याच अंगावर आली असती. कंबरेचं हाड मोडलं, डोक्याला मार, शुद्ध हरपलेली.

आम्ही पोचलो तेव्हा गोदामाचा मॅनेजर खालीच उभा होता. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं, हातात फाईल. त्याने मला दरवाज्याच्या चौकटीवर बसवलेलं लॉक दाखवलं. लिफ्ट त्या मजल्यावर नसेल तर हे लॉक दरवाजा उघडू देत नाही आणि दरवाजा उघडा असेल तर लिफ्ट हलू देत नाही. आम्ही चारदा तपासलं, लॉक चोख चालत होतं. मग मॅनेजरने पॅकिंगची एक प्लास्टिकची पट्टी पुढे केली.

"साहेब, आमच्या लिफ्टमनने या पट्टीने लॉकची जीभ बांधून ठेवली होती. सारखी उघडझाप करायचा कंटाळा, दुसरं काय! किती वेळा समजावलं त्याला."

लॉक जुनं होतं, ग्रीस आणि धुळीने माखलेलं. वर्षानुवर्षं तिथेच असणार, असं मी गृहीत धरलं. पंचनामा केला, पट्टी मुद्देमालात घेतली आणि लिफ्टमनला ताब्यात घेतलं. जाणूनबुजून सुरक्षेचं साधन निकामी केलं, म्हणजे साधा निष्काळजीपणा नव्हे. मी सदोष मनुष्यवधाच्या प्रयत्नाचं कलम लावलं. त्याला जामीन सहज मिळत नाही. मोठा तीर मारल्यासारखं मला वाटलं, हे आज कबूल करायला लाज वाटते, पण वाटलं खरं.

लिफ्टमन पन्नाशीचा, मूळ कुडाळकडचा. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर हा मिळेल ते काम करत इथे आला होता. संध्याकाळी मी त्याला समोर बसवलं.

"पट्टी का बांधलीस?"

"साहेबानू, लॉकच थंय नव्हता. बांधतलंय कशाक?"

"लॉक नव्हतं? अरे, मी या डोळ्यांनी बघितलं ना दुपारी!"

तो शांतपणे म्हणाला, "तुमी बघलात ता खरा. आणि मी सांगतंय ताय खरा."

माझं डोकं फिरलं. टेबलावर हात आपटून मी बरंच काही बोललो. तो एवढंच सांगत राहिला की लॉक कित्येक महिन्यांपासून नाही आणि मॅनेजरला त्याने तीन वेळा सांगितलं होतं. लेखी दिलं होतंस का, असं विचारलं तर म्हणाला, "माझा लिवलेला कोण वाचतलो?" मी त्याला कोठडीत पाठवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला मुलुंडच्या कोर्टात हजर करायचं होतं. एकदा का पोलीस कोठडी मिळाली आणि त्यावर आरोपपत्र गेलं, की त्या माणसाची नोकरी, इज्जत, सगळ्याची वाट लागणार होती. बाहेर बाकड्यावर त्याची बायको डबा घेऊन बसली होती. तिच्याकडे न बघता मी घरी गेलो.

सकाळी नऊला ठाण्यात आलो, हजेरी घेतली, स्टेशन डायरी चाळली आणि चहाचा कप उचलला तोच फोन वाजला. बाईचा आवाज. घाईत आणि दबलेला.

"लिफ्टमनला धरलंय ना तुम्ही? चुकीचा माणूस धरलाय. ते लॉक काल बसवलंय, अपघात झाल्यावर. खोलून बघा. त्याच्या मागच्या लोखंडावर दसऱ्याचं कुंकू आहे. मी स्वतः लावलंय."

"तुमचं नाव काय?"

"नाव नाही सांगणार. पोट आहे मला." फोन बंद.

असे फोन रोज येतात. दहांतले नऊ कुणाचं तरी उट्टं काढण्यासाठी असतात. मी ते ठाणे अंमलदाराला हसत हसत सांगितलं. हा आमचा जुना हवालदार, निवृत्तीला आलेला, जिभेला हाड नसलेला. तो हसला नाही. त्याने दोन कागद माझ्यापुढे ठेवले.

"साहेब, हॉस्पिटलच्या नोंदीत जखमी आला सव्वाअकराला. मॅनेजरचा आपल्याला फोन पाऊण वाजता. दीड तास काय करत होते, आरती?"

माझा चहा तसाच राहिला. हे दोन्ही कागद आदल्या दिवसापासून माझ्या टेबलावर होते आणि मी ते शेजारी शेजारी ठेवून पाहिलेच नव्हते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी माझी गत झाली होती.

आता खरी धांदल सुरू झाली. लॉक खोलणं दोन मिनिटांचं काम, पण मी एकट्याने खोललं असतं तर त्या कुंकवाला कोर्टात काडीची किंमत राहिली नसती. पोलिसानेच लावलं, असं वकिलाने पहिल्याच प्रश्नात म्हटलं असतं. दोन पंच हवेत आणि लिफ्ट तपासणारा सरकारी निरीक्षक हवा. त्यांच्या कार्यालयात फोन केला तर साहेब बोरिवलीला. मी त्यांना अक्षरशः गळ घातली. ते म्हणाले, बाराला येतो. तोवर मॅनेजरला वास लागला तर एक फडकं मारलं की खेळ खलास. दोन शिपाई साध्या कपड्यात मी दुकानात गिऱ्हाईक म्हणून पाठवले. त्यांतल्या एकाने प्रेशर कुकरच्या शिट्ट्यांवर अर्धा तास चर्चा केली, असं नंतर कळलं.

बारा वाजले, सव्वाबारा झाले. मी गोदामाच्या गल्लीच्या तोंडाशी जीपमध्ये बसून घड्याळ बघत होतो. साडेबाराला लिफ्टचे निरीक्षक घाम पुसत उतरले. शेजारच्या छापखान्यातला एक कामगार आणि एक चष्म्याचा दुकानदार, असे दोन पंच घेतले आणि आम्ही सरळ दुसऱ्या मजल्यावर चढलो.

तिथे पहिल्यांदा मी नीट बघितलं. आदल्या दिवशीही ते सगळं तिथेच होतं. खंडेनवमी-दसऱ्याला हत्यारांची पूजा आपल्याकडे कुठे होत नाही? वजनकाटा, ट्रॉल्या, पॅकिंगची मशिनं, लिफ्टची बटणं, आग विझवायची लाल नळकांडी, एवढंच काय पण कॉम्प्युटरसुद्धा सुटला नव्हता. सगळ्यांवर तेलात कालवलेल्या हळदीकुंकवाचं बोट उमटलेलं. पहिल्या आणि तिसऱ्या मजल्यावर शिपाई धाडून बघितलं, तिथल्या लॉकवरही होतं. दुसऱ्या मजल्यावरचं लॉक मात्र कोरं.

मॅनेजर धापा टाकत वर आला. "साहेब, काल सगळं बघितलं ना आपण? आज पुन्हा कशाला? कंपनीचा मेकॅनिक आल्याशिवाय हात नका लावू, बिघडेल ते."

"बिघडू द्या," मी म्हणालो. "पंच आहेत, निरीक्षक आहेत. आपणही बघा."

पॅकिंगच्या सात-आठ बायका हातातलं काम थांबवून उभ्या राहिल्या. लिफ्टच्या निरीक्षकांनी पेचकस लावला. पहिला स्क्रू झटकन निघाला, नव्याने बसवलेला असावा तसा. दुसऱ्यावर पेचकस घसरला, एकदा, दोनदा. माझ्या कानात ठोके ऐकू येत होते. काहीच नसलं तर? निनावी फोनवर विसंबून हा एवढा तमाशा केला म्हणून वरिष्ठ माझी सालटी काढणार होते. दुसरा स्क्रू सुटला. निरीक्षकांनी लॉक अलगद बाजूला घेतलं.

मागच्या लोखंडी पट्टीवर, बरोबर मधोमध, हळदीकुंकवाचं बोट होतं. लॉक दाबून बसवल्यामुळे थोडं पसरलेलं, तेलकट आणि लालभडक. कुंकू आधी लागलं होतं आणि लॉक नंतर बसलं होतं. याला दुसरा अर्थच नव्हता. मी मोठ्याने "झकास!" म्हणालो. पंचनाम्यात ते लिहिलं नाही, पण म्हणालो.

मॅनेजरची पाचावर धारण बसली. तरी तो म्हणाला, "कोणीतरी आत्ता लावलं असेल. याला पुरावा म्हणतात का?"

तेवढ्यात बायकांमधून एक साठीची मावशी पुढे आली. पदर खोचलेला, बोटांना चिकटपट्टीचे तुकडे लागलेले. आवाज ऐकताक्षणी मी ओळखला.

"मी लावलं," ती म्हणाली. "दसऱ्याला मी सगळ्या सामानाला बोट लावत आले. इथं लॉक नाही म्हणून पुढं चालले होते. लिफ्टमन म्हणाला, मावशे, रिकामा सोडू नको गं. ऑफिसाक सांगून दमलंय, निदान देवाक तरी ठाव असांदे. म्हणून लावलं."

"कामावर यायचंय ना उद्या?" मॅनेजर खेकसला.

"यायचंय ना," मावशी म्हणाली, "पण जिवंत घरी पण जायचंय." मग मागच्या दोघीही बोलल्या, आम्ही बघितलंय म्हणाल्या. मी तिघींचे जबाब तिथेच खोक्यांवर कागद ठेवून घेतले.

मॅनेजरला ठाण्यात आणल्यावर फार वेळ लागला नाही. मी दोन कागद त्याच्यापुढे ठेवले, सव्वाअकराचा आणि पाऊण वाजताचा, आणि गप्प बसलो. माझा अनुभव असा, की खोटं बोलणाऱ्याला शांतता फार वेळ सोसत नाही. तो बोलू लागला. ते लॉक अधूनमधून अडकायचं, मग लिफ्ट थांबायची आणि दुकानात माल पोचायला उशीर व्हायचा. दुरुस्तीला लिफ्ट दोन दिवस बंद ठेवावी लागली असती. त्यापेक्षा त्याने ते काढूनच टाकलं. हमाल पडल्यावर इमारतीच्या मागे वर्षानुवर्षं बंद पडून असलेल्या दुसऱ्या लिफ्टचं जुनं लॉक आणून घाईघाईने बसवलं, प्लास्टिकची पट्टी जमिनीवरून उचलली आणि मग आम्हाला फोन केला. हे सगळं कुणाच्या आशीर्वादाने चाललं होतं ते पुढच्या तपासात निघालं आणि मालकाचं नावही आरोपपत्रात गेलं. चौथ्या दिवशी हमाल शुद्धीवर आला. त्याच्या जबाबातही तेच होतं. तो आज काठी घेऊन का होईना, चालतो.

पण त्या दुपारी मला कोर्ट गाठायचं होतं. लिफ्टमनविरुद्ध पुरावा नाही, त्याला सोडावं, असा अहवाल मी जीपमध्ये मांडीवर लिहिला. अक्षर इतकं वाईट की मॅजिस्ट्रेट साहेबांना दोनदा विचारावं लागलं. त्याला सोडण्याचा हुकूम झाला तेव्हा मला इतका आनंद झाला, जणू मीच सुटलो होतो. कोर्टाच्या व्हरांड्यात त्याची बायको रडत होती. माफी मागायला मी त्याच्याजवळ गेलो. खाकीतल्या माणसाला तो शब्द जड जातो, मी जुळवाजुळव करत होतो. त्याआधी त्यानेच विचारलं,

"साहेबानू, ता लॉक तुमी काढून आणलात ना?"

"हो. मुद्देमाल आहे. सील केलंय."

"मगे आता दरवाज्याक काय आसा?"

दरवाज्याला काहीच नव्हतं. लिफ्टची वीज मी बंद करून घेतली होती, पण दुसऱ्या मजल्यावरचा जाळीचा दरवाजा एका बोटाने उघडेल असा सोडून मी निघून आलो होतो. आणि त्या बायका तिथेच काम करत होत्या.

"बायलेक घराक धाडा," तो म्हणाला, "माका मगे सोडा. पयलो तो दरवाजो बांधूक व्हयो."

आम्ही दोघं जीपने सुटलो. ड्रायव्हरला मी काय काय म्हणालो ते लिहिण्यासारखं नाही. पोचलो तेव्हा दरवाजा अर्धा उघडा होता आणि एक बाई त्याला पाठ टेकून खोकं बांधत होती. लिफ्टमनने तिला हाताला धरून बाजूला केलं, दरवाजा ओढला, साखळी घातली आणि आडवी फळी ठोकली. तीनदा हलवून बघितलं आणि मग घरी गेला. माफी मी तिथे मागितली, सगळ्यांसमोर. तो नुसता "जावंदे" म्हणाला.

त्यानंतर कारखाना, दुकान, गोदाम, कुठेही अपघात झाला की मी एक प्रश्न सर्वांत आधी विचारू लागलो: हे होणार, असं आधी कोण सांगत होतं? तसा माणूस जवळजवळ नेहमीच सापडतो. बहुतेक वेळा तो तिथला सर्वांत कमी शिकलेला असतो, त्याचं म्हणणं कुठल्या कागदावर नसतं आणि दोष ढकलायला तोच सर्वांत सोयीचा असतो. मी त्या माणसाला एक अख्खी रात्र कोठडीत ठेवलं होतं, आणि सुटल्यावर त्याने पहिला विचार माझ्या चुकीने उघड्या राहिलेल्या दरवाज्याचा केला.